व्याह्यांचा हीटर

तिरुवैयारूहून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र माझे व्याही सीतारामराव यांचे होते. नवरात्राच्या थोडे आधी आले होते. ते वाचून मला इतका राग आला की मी ते घडी करून जाडजूड कोशात घातले आणि कोश कपाटाच्या वरच्या फळीवर चढवला. रागावल्यावर मी असेच करतो. दुसरी माणसे भांडतात, मी वस्तू उचलून ठेवतो.

पत्र तमिळमध्ये होते. आम्ही तंजावूरचे लोक घरात मराठी बोलतो, पण कागदावर तमिळच उतरते. मायना छान होता, क्षेमकुशलही होते. मग लिहिले होते:

'आडी (आषाढ) महिन्यात चिरंजीव शिवराज आपल्याकडे आले असता, अंगाला साबण असतानाच गार पाणी आले. मुलगा काही म्हणाला नाही, पण आम्हांस कळले. घर कसे आहे ते न्हाणीघरात कळते, असे आमचे वडील म्हणत. आता दिवाळसणाला मुले आपल्याकडे येतील. तेव्हा चांगला पंचवीस लिटरचा हीटर घ्यावा. घेणारच आहात तर दोन घ्यावेत, एक आमच्या माडीवरच्या न्हाणीघरासाठी. चि. सौ. विनुता माडीवरच असते. दोन घेतले तर दुकानदार कमी करतो.'

या शेवटच्या वाक्याने माझे डोके फिरले. जणू माझाच फायदा पाहत होते!

गार पाण्याचे खरे होते. आमचा जुना हीटर मध्येच बंद पडायचा. त्या दिवशी जावई डोक्याला फेस आणि कमरेला टॉवेल अशा अवतारात बाहेर आला आणि हसत म्हणाला, "मामा, तुमचा हीटर माझ्याआधीच दमतो की!" आम्ही सगळे हसलो. हीच गोष्ट त्याने घरी गंमत म्हणून सांगितली असणार. बापाने तिचे हे केले.

आणि विनुताची अट होती. माझी मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि गोल गोल बोलत नाही. साखरपुड्याच्या दिवशी दोन्हीकडची माणसे बसलेली असताना ती म्हणाली होती, "लग्नात नाही, दिवाळीला नाही, पोंगलला नाही. या घरातून त्या घरात एकही वस्तू जाणार नाही. हे जमत असेल तरच." बैठकीत कोणी कोणाकडे पाहीना. मग सीतारामराव मोठ्याने हसले, "आम्हाला मुलगी हवी, भांडीकुंडी कशाला?" शिवराजने मान हलवली. आणि विनुता माझ्याकडे वळली, "अप्पा, तुम्हीसुद्धा. नंतर मऊ पडायचं नाही." मी हो म्हणालो.

मग मी लगेच नकार का लिहिला नाही? लिहायला बसलो होतो. पहिला मसुदा वाचून मलाच भीती वाटली. दुसऱ्यात मी त्यांची इतकी क्षमा मागितली होती की नकार सापडेना. मग शंका आली: माणूस सरळ मनाने लिहीत असेल तर? मुलगी माडीवर राहते, तिच्याच सोयीचे आहे. माझ्या रागाला नेहमी अशी शंका फुटते आणि राग तिथेच बसतो. शेवटी मी ठरवले की उत्तर न देणे हेच उत्तर. शहाण्याला समजेल.

नवरात्र संपता संपता माझी बायको वसुमती कागद घेऊन आली. दिवाळसणाचे आमंत्रण मुलीच्या बापाच्या हातचे लागते, फोनवर सांगून चालत नाही. मी चार ओळी लिहिल्या. मुलांना घेऊन उभयतांनी यावे, इतकेच. हीटरचा उल्लेख जाणूनबुजून केला नाही आणि मनात म्हटले, बघा, विषयसुद्धा काढला नाही. वसुमतीने हळद भिजवली, बोटाने कागदाच्या चारी कोपऱ्यांना लावली, ती सुकू दिली, आणि पत्र गेले.

त्यानंतर आमचा हीटर खरोखरच मेला. नळातून गंजाचे तांबडे पाणी आले आणि खाली गळू लागले. आमचे बोअरचे पाणी खारे. वसुमती मोठ्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवून न्हाणीघरात नेऊ लागली. पडल्यापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ते पातेले उचलताना ती दात आवळते. मी न्यायला गेलो तर म्हणते, "तुम्ही राहू द्या, तुम्ही विचार करत चालता."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, "आज जाऊन हीटर घेऊन या. आणि दोन घ्या."

ती मिरच्यांचे देठ काढत होती. मी म्हटले, "विनुताला आपण शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात. मी तेव्हा कॉफी आणायला आत गेले होते."

"अगं, पण—"

"तुमचा 'पण' मज ठाऊक आहे. चाळीस वर्षं ऐकतेय. पोरीला त्या घरात नांदायचंय, तुमच्या पुस्तकांत नव्हे. एक डबा भिंतीला टांगला म्हणून काय आभाळ पडतं?"

"उद्या दुसरं काही मागतील."

"मग उद्या उद्याचं बघू. माझी मुलगी दिवाळीला तोंड पाडून यायला नको."

मी छत्री घेतली आणि बाहेर पडलो. एक घ्यायचा की दोन, हे मी बसस्टॉपपर्यंत ठरवू शकलो नाही.

दुकान कीळवासलच्या बाजूला आहे. मला दुकानांची भीती वाटते, म्हणून मी घरून वाचून गेलो होतो. लगेच तापवणारा हीटर आणि साठवणीचा हीटर यांतला फरक, टाकीला आतून काचेचा थर असतो तो, आणि टाकीच्या आत एक कांडी असते ती. खारे पाणी आधी त्या कांडीला खाते आणि टाकी वाचते. ती कांडी मधूनमधून बदलावी लागते. आमची कोणी कधी बदललीच नव्हती. हे सगळे मला पाठ होते, पण दारात गेल्यावर पहिले वाक्य कोणते बोलावे ते सुचेना. भिंतीवर हारीने हीटर टांगलेले होते, कुबड काढून बसलेल्या पांढऱ्या बगळ्यांसारखे.

मालक गणेशकुमार स्वतः पुढे आला. आमचे बोलणे तमिळमध्ये झाले.

"या सार. घरात माणसं किती? कितवा मजला? पाणी बोअरचं का?"

"दोघं. तळमजला. बोअरचं, खारं," मी म्हणालो. "तुमच्याकडे ती कांडी वेगळी मिळते का? म्हणजे टाकीच्या आतली—"

"मिळते ना सार! कांडीचं विचारणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं. नाव काय लिहू?"

"व्यंकोजी."

"व्यंकोजी सार? राजवाड्यामागचे?" त्याचा चेहरा फुलला. "मग बसा, बसा! तुमचं काम तर झालंय. तुमचे सम्बंधी आले होते ना, तिरुवैयारूचे. दोन पसंत करून गेले. एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. दुसरा आमच्या माणसानं परवा त्यांच्या माडीवर बसवूनसुद्धा दिला. बिल तुमच्या नावानं आहे. तुम्ही याल म्हणालेच होते."

माझ्या हातातली छत्री खाली पडली. ती उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो असतो तर बरे, असे वाटले.

"मी असं काही सांगितलं नव्हतं."

"मी विचारलं होतं हां, सार. नाही असं नाही. म्हटलं, त्यांचा फोन नाही, निरोप नाही, मी त्यांच्या नावावर कसं लिहू? तेव्हा त्यांनी खिशातून तुमचं पत्र काढलं. इथं, या काउंटरवर ठेवलं. म्हणाले, मी हीटरचं लिहिलं, त्यावर हे आलं. चारी कोपऱ्यांना मंजळ! आता मंजळ लावलेल्या कागदावर मी शंका घेऊ का? मलाही दोन मुली आहेत, सार."

मंजळ म्हणजे हळद. आणि गणेशकुमारचे काही चुकले नव्हते. आमच्यात काय हवे, काय नको, ही घासाघीस कोऱ्या कागदावर चालते. हरकत असेल तर ती तेव्हाच कळवायची. मुलीच्या बापाचे हळदीचे पत्र गेले की त्याआधी जे जे मागितले ते सगळे मान्य, असा अर्थ होतो. हळदीचा कागद नाही म्हणत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या नात्यातल्या लग्नांची पत्रे मीच लिहिली आहेत. आणि मी, चार ओळींत हीटरचा उल्लेख टाळून, त्याला नकार समजून बसलो होतो! माझ्या मौनाला माझ्याच घरची हळद लागून ते मौन होकार झाले होते.

पण सीतारामरावांनाही ठाऊक होते. मला त्याचाच संताप आला. माझे पत्र हातात पडताच त्यांना कळले असणार की हा भित्रा माणूस नाही म्हणायला धजत नाही. त्यांनी विचारले नाही, फोन केला नाही, थेट दुकान गाठले. भोळेपणाने केलेले हे काम नव्हे. हा माणूस माझ्या भिडेवर आपले पीक काढत होता.

"एक मिनिट," म्हणून मी बाहेर आलो आणि विनुताला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी होती.

"बोला," ती म्हणाली. अप्पा म्हणाली नाही.

"विनुता, तुमच्या माडीवर हीटर—"

"बसला. मामंजींनी शेजारच्या सगळ्यांना वर नेऊन दाखवला. 'आम्ही नको नको म्हणत होतो, व्याह्यांनी ऐकलंच नाही.' मी तिथंच उभी होते."

"मी नाही पाठवला."

"मग कोणी पाठवला? कावेरीतून वाहत आला?"

"त्यांचं मला पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. आमंत्रण तेवढं धाडलं—"

"हळद लावून."

"हो."

पलीकडे कॉलेजातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता.

"अप्पा, पत्र आलं तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तुला त्रास नको म्हणून."

"आता काय होतंय मग? शिवराज म्हणतो, तुझ्याच अप्पांनी शब्द मोडला, आता मी बाबांशी कुठल्या तोंडानं भांडू? बरोबर आहे त्याचं. सासूबाई कालपासून विचारतायत, पोंगलला तुझ्याकडून भांडं पितळेचं येणार की स्टीलचं. साखरपुड्यात मी जे बोलले ना, त्याची त्या घरात आता थट्टा चालते. मी वरच्या न्हाणीघरात जातच नाही. खाली गार पाण्यानं आंघोळ करते."

"मी त्यांना फोन करतो. आत्ता."

"नको! तुम्ही बोलायला लागलात की दुसऱ्या वाक्यापासून त्यांचीच बाजू घेता. लिहा. हळदीच्या कागदानं आलाय तो, कागदानंच जाईल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि लिहिणार नसाल तर तेही आजच सांगा. म्हणजे मी आशा सोडून देते."

तिने फोन ठेवला.

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. एक रिक्षावाला थांबून "कुठं, सार?" म्हणाला आणि माझे तोंड पाहून निघून गेला. मला शंका येण्याची मी वाट पाहत होतो. नेहमीसारखी ती येईल, म्हणेल, जाऊ दे, सणाचे दिवस आहेत, एक डबाच तर आहे. ती आली नाही. माझी मुलगी एका शब्दावर त्या घरात गेली होती, आणि तो शब्द मी टपालात टाकून विकला होता. तोही फुकट.

मी आत गेलो.

"दुसरा हीटर त्यांच्या नावावर करा."

माझा आवाज मोठा झाला की चिरकतो. पंख्याचे मोल करणारी दोन गिऱ्हाइके वळून पाहू लागली.

"सार, असं कसं? तो भिंतीवर चढलाय."

"ज्याच्या भिंतीवर चढलाय त्याच्या नावावर करा."

"सणाचे दिवस, सार. मुलगी आहे तुमची तिथं."

"मुलगी आहे म्हणूनच सांगतोय! मी कबूल केलं नव्हतं. पैसे तुम्ही त्यांच्याकडूनच घ्यायचे. नाही दिले तर तुमचा माणूस पाठवून काढून आणा. मी त्यांना आज पत्र लिहितो. त्याची एक प्रत तुम्हाला आणून देतो, मग तर झालं?"

गणेशकुमारने मान खाजवली. "पत्र लिहा सार, जरूर लिहा. फक्त त्याला मंजळ लावू नका."

एरवी मी हसलो असतो. तो बिलबुकाचे पान काढू लागला आणि म्हणाला, "तुमचा तरी बांधून देऊ ना? हा बघा, त्यांनीच निवडला."

त्याने दाखवलेला हीटर पंचवीस लिटरचा, चकचकीत, समोर आकडे उजळणारा. बसवायचा छताजवळ.

"याचं बटण कुठंय?"

"वरच आहे. पण रिमोट येतो, सार."

"न्हाणीघरात रिमोट? ओल्या हातानं?"

"जावयाला बरा म्हणून ते म्हणाले."

"जावई वर्षातून दोन दिवस न्हाणार," मी म्हणालो. "माझी बायको रोज न्हाते. तिचा हात इथून वर जात नाही." मी माझा हात खांद्यापर्यंत नेऊन दाखवला. हे सांगताना माझ्या लक्षात आले की हीटर घ्यायचे ठरल्यापासून मी एकदाही तिचा विचार केला नव्हता. शिवराजच्या डोक्यावरचा फेसच माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि वसुमतीनेही स्वतःचे नाव काढले नव्हते. याचाही राग आला. तो कोणावर काढावा हे कळेना.

मग आम्ही नीट पाहिले. पंधरा लिटरचा, आडवा, छातीच्या उंचीवर बसेल असा, खाली साधी फिरवायची कळ, आत काचेचा थर, आणि कांडी बदलता येईल असे झाकण. रंग जरा पिवळट होता आणि दिसायला तो बोजड होता. मी तोच घेतला. गणेशकुमार उद्या सकाळी माणूस पाठवून बसवून देतो म्हणाला.

घरी आल्यावर वसुमतीने पहिला प्रश्न विचारला, "दोन घेतलेत ना?"

"एक. दुसरा त्यांनी आधीच माझ्या नावावर उचलला होता. मी त्यांच्या नावावर करून आलो."

ती होती तिथेच खाली बसली. "अय्यो! काय केलंत हे! चाळीस वर्षं राग कपाटात ठेवलात आणि काढलात तो दिवाळीच्या तोंडावर? आता ते येणार नाहीत. पोरीला पाठवणार नाहीत. लोक काय म्हणतील?"

"ऐक आधी. त्यांनी दुकानदाराला आपलं आमंत्रण दाखवलं. काउंटरवर ठेवलं. हळद दाखवून म्हणाले, बघा, कबूल आहे."

"माझी हळद?"

"हो."

"मी लावलेली? देवापुढं भिजवलेली?"

"तीच."

वसुमतीच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. मग तिने पदराने तोंड पुसले.

"माझ्या हातची हळद त्या मेल्यानं हीटरच्या दुकानात वापरली?" ती म्हणाली. "लिहा. आत्ता लिहा. काय बघता माझ्याकडं?"

मी मेजाशी बसलो. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. मी लिहायचे आणि तिने ऐकायचे. पहिल्या ओळीतच तिने मला अडवले.

"'उत्तरास विलंब झाला, क्षमस्व' हे कशाला?"

"विलंब झाला खरा."

"विलंब लिहा. क्षमा खोडा."

मी खोडले. पुढे मी लिहिले होते की कदाचित माझ्या आमंत्रणामुळे आपला गैरसमज झाला असावा. तेही तिने खोडायला लावले. "त्यांचा गैरसमज नव्हता. तुमचा होता." मी नवा कागद घेतला. पत्र झाले ते असे:

'श्री. सीतारामराव यांस,

आपले पत्र मिळाले होते. उत्तर आज देत आहे. आपल्या माडीवरचा हीटर मी दिलेला नाही आणि देणार नाही. तो आपल्या नावे करण्यास दुकानदारास सांगितले आहे. ठेवावा किंवा परत करावा, ही आपली इच्छा. विनुताने साखरपुड्यात घातलेली अट आपण सर्वांसमक्ष मान्य केली होती. ती मला आजही मान्य आहे. दिवाळी, पोंगल किंवा पुढच्या कुठल्याही सणाला या घरातून एकही वस्तू येणार नाही. आमंत्रणाच्या हळदीचा अर्थ मुलांनी आणि आपण उभयतांनी सणाला यावे, इतकाच होता. तो अजूनही तेवढाच आहे. हे पत्र आपल्या घरात सर्वांसमोर वाचावे. याची प्रत शिवराजला पाठवीत आहे.

व्यंकोजी'

"सही मोठी करा," वसुमती म्हणाली. "किड्यासारखी सही करता तुम्ही."

आणखी दोन प्रती केल्या. शिवराजची त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर घातली, गणेशकुमारची त्याला द्यायला खिशात ठेवली. सीतारामरावांचे पाकीट चिकटवताना मी पाहिले, वसुमती सवयीने फळीवरच्या हळदीच्या डब्याकडे गेली होती आणि डब्यावर हात ठेवून उभी होती. मग ती रिकाम्या हाताने परत आली. "जा," म्हणाली. "टपाल बंद होईल."

टपाल कचेरीत सणाची गर्दी होती. रांगेत माझ्यापुढे तीन-चार माणसे उरली तेव्हा शंका परत आली. ते आलेच नाहीत तर? विनुताला एकटीला त्या घरात हे पत्र ऐकावे लागेल. शिवराज कोणाच्या बाजूने उभा राहील, मला माहीत नव्हते. अजूनही माहीत नाही. मी रांगेतून बाहेर पाऊल टाकले असते, पण मागच्या बाईने तिच्या पिशवीने मला पुढे ढकलले, "चला की आजोबा, पेरियवरे, सगळ्यांना घरी जायचंय!"

"साधं की स्पीड पोस्ट?" खिडकीतल्या बाईने विचारले.

"स्पीड पोस्ट. दोन्ही. पावती हवी."

तिने पाकिटे तोलली, पावत्या फाडून दिल्या, आणि वरच्या, सीतारामरावांच्या पाकिटावर शिक्का मारला. तारीख अर्धी उठली होती.

"नीट उठला नाही," मी म्हणालो. "पुन्हा मारा."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मागची बाई काहीतरी पुटपुटली. मी हललो नाही.

तिने पुन्हा मारला, जोरात, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.